भरलेल्या बाटलीला स्टार

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. रोज म्हणजे रोज. मागची चार पानांवर बंद पडली, पण त्या वहीचा कागदच खरबरीत होता.

परिस्थितीचा आढावा. पर्यावरणाच्या प्रोजेक्टमध्ये मी दोनदा उडालोय, आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही. पहिल्यांदा ग्रुपने दगा दिला. दुसऱ्यांदा विषय होता कचरा. कचऱ्यावर माणूस बोलून बोलून किती बोलणार? यंदा विषय चांगला आहे. लहान मुलांना पाणी वाचवायला शिकवायचं. शाळा आपणच गाठायची, महिनाअखेर रिपोर्ट द्यायचा. यंदा उडालो तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर बाबांनी सांगून ठेवलंय, गाशा गुंडाळायचा आणि घरी येऊन दुकानात बसायचं. दुकान पडद्याच्या कापडाचं आहे. मी लोकांच्या खिडक्या मोजायला जन्माला आलेलो नाही.

प्रोजेक्टचे सर म्हणाले, नुसती पोस्टरं आणि भाषणं आणू नका, मला मोजता येईल असा निकाल दाखवा. म्हणाले सगळ्यांना, पण बघत माझ्याकडे होते. अपेक्षा असतात.

पार्टनर म्हणून चष्मेवाली मिळाली. वर्गात पहिली येते. लीडर मी असेन हे तिला लगेच स्पष्ट केलं. ती म्हणाली, बरं. समजूतदार वाटते.

संकल्प: पहाटे पाचला उठणे.

मंगळवार, ४ मार्च

उठलो नाही. गजर वाजला नाही. म्हणजे वाजला, पण बरोबर वाजला नाही.

शाळा ठरली. टिल्लीचीच. टिल्ली म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. वय सहा, इयत्ता पहिली. खरं नाव लांबलचक आहे, पण अंगापिंडाने त्यात मावायला तिला अजून बरीच वर्षं लागतील. कॉलेजसाठी मी ताईकडे राहतो. भाऊजी जहाजावर, आले की पाहुणे. ताई बेकरीत पहाटेच्या पाळीला. ती निघते तेव्हा मी झोपेत असतो आणि ती येते तेव्हा दुपार कलंडलेली असते. त्यामुळे टिल्लीला उठवणं, आवरणं, डबा-बाटली भरणं, शाळेत सोडणं आणि आणणं हे खातं माझ्याकडे. राहण्या-जेवण्याच्या बदल्यात एवढंच काम. ताई रोज बजावते, तुझ्या भरवशावर सोडून जाते हो पोरीला. मी म्हणतो, तू बिनधास्त जा.

टिल्लीला सांगितलं की मामा आता तुमच्या वर्गावर शिकवायला येणार. तिने आनंदाने सोफ्यावर उड्या मारल्या. मग विचारलं, तू छडी आणणार का? म्हटलं, मी ज्ञान आणणार. तिचा जरा हिरमोड झाला.

बुधवार, ५ मार्च

पहिला तास. एकंदरीत यशस्वी.

सुरुवात मी केली. लॅपटॉपवर पृथ्वी, त्यावरचं एकूण पाणी, त्यातलं पिण्याजोगं किती थोडं याचा पाय चार्ट. एकाने विचारलं, काका, हा केक कोणाचा आहे? काका! मी एकवीस वर्षांचा आहे. दुसऱ्याने विचारलं, पाणी संपलं तर मासे कुठे उभे राहणार? यावर वर्गात जो गोंधळ उठला तो पहिलीच्या बाईंनी येऊन शांत केला. टिल्ली मात्र पहिल्या बाकावर हाताची घडी घालून शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती. तिला पाय चार्ट कळला असावा.

मग चष्मेवालीने एक बादली, एक मग आणि टूथब्रश काढला. एका मुलीला नळ चालू ठेवून दात घासायला लावले, खाली बादली. बादली अर्धी भरली. नंतर तेच, मगात पाणी घेऊन. पोरांनी तोंडात बोटं घातली. घरी जाईपर्यंत सगळी एकमेकांना सांगत होती, नळ बंद कर, नळ बंद कर. ठीक आहे. जादूचे प्रयोग दाखवायला अक्कल लागत नाही. मुळात यात आकडा कुठाय? सर आकडा मागणार. कोणी घरी जाऊन नळ बंद केला हे आपण कसं मोजणार?

काळजी वाटते. खरंच वाटते. पडदे डोळ्यांसमोर हलताहेत.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं!

माझ्या सगळ्या चांगल्या कल्पना शॉवरखाली सुचतात. आज गरम पाणी संपलं, मग गार पाण्याखाली उभा राहिलो, पण हटलो नाही. बाहेरून टिल्ली दार बडवत होती. मामा, नळ बंद कर, शाळेत सांगितलंय. म्हटलं, मामा तुमच्याच शाळेचा विचार करतोय.

कल्पना अशी. प्रत्येक मूल घरून पाण्याची बाटली भरून आणतं. शाळा सुटताना बाटलीत उरलेलं पाणी मोजायचं. ताईचा बेकिंगचा मापाचा जग आहेच. ज्याची बाटली सगळ्यात जास्त भरलेली, त्याला स्टार. वर्गाची रोजची बेरीज करायची, ग्राफ काढायचा. आकडा हातात! सरांची बोलती बंद.

चष्मेवालीला फोन केला. ती म्हणाली, अरे, पण ते प्यायचं पाणी आहे ना? ते वाचवायला कोणी सांगितलंय? म्हटलं, पाणी ते पाणी. ती म्हणाली, मला नाही पटत. हुशार मुलांचा हाच प्रॉब्लेम, दुसऱ्याला काही सुचलं की पोटात दुखतं.

शुक्रवार, ७ मार्च

स्पर्धा सुरू. भिंतीवर नावांचा तक्ता, शेजारी चमकते स्टार. स्टार बघितल्यावर पोरं नुसती चेकाळली.

बाई म्हणाल्या, पाणी प्यायला मात्र लावा हो, उन्हं तापायला लागलीत, आधीच ही पोरं खेळाच्या नादात पाणी पीत नाहीत. म्हटलं, अर्थातच, गरजेपुरतं पिणार ना. बाईंना पुढच्या वर्गाच्या वह्या तपासायच्या होत्या. वर्ग शांत ठेवलात तर तेवढेच उपकार, असं म्हणून गेल्या. माझ्यावर विश्वास टाकणारं पहिलं माणूस.

निकाल निराशाजनक. बहुतेक बाटल्या रिकाम्या. एकाने अर्धी बाटली दुसऱ्याच्या डोक्यावर ओतली होती.

सोमवार, १० मार्च

चूक लक्षात आली. मुलांना नियम नको असतात, ध्येय लागतं. आज नवं भाषण. तुम्ही साधी मुलं नाही, तुम्ही जलवीर आहात. तहान सगळ्यांना लागते, पण जलवीर तहानेला घाबरत नाही. तो ओठ मिटतो आणि मनात दहा म्हणतो. सगळ्यांकडून करून घेतलं. ओठ मिटा! दहा! वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. दारातून बाई बघत होत्या, त्यांनी मान डोलावली.

चष्मेवाली कोपऱ्यात उभी होती. तिने मान डोलावली नाही.

घरी येताना टिल्लीने विचारलं, मामा, मी पहिली आले तर तू पास होणार? मी म्हणालो होतो तसं कधीतरी. म्हटलं, हो ग, सगळं तुझ्यावरच आहे. पोरगी एकदम गंभीर झाली. जबाबदारीची जाणीव लहानपणापासूनच व्हायला हवी.

बुधवार, १२ मार्च

ग्राफ बघून मला स्वतःलाच गहिवरून आलं. सरळ वर चाललाय. आज निम्म्या वर्गाच्या बाटल्या गळ्यापर्यंत. टिल्लीची तर झाकणापर्यंत, जशी मी सकाळी भरून दिली तशीच. टिल्लीच्या नावापुढे स्टारला जागा उरली नाही, मी कागद जोडला.

शाळेतल्या मावशींनी मुद्दाम येऊन सांगितलं, तुम्ही काय जादू केलीत हो, पोरांचं बाथरूम दिवसभर कोरडं असतं, मला धुवायलाच लागत नाही. म्हणजे फ्लशचंही पाणी वाचलं! हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. रिपोर्टमध्ये वेगळं प्रकरण करायचं.

मोजून झाल्यावर मावशी सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओततात आणि विसळून देतात. चष्मेवालीने यावर बोट ठेवलं. म्हणाली, वाचवलेलं पाणी गटारात जातंय, दिसतंय ना तुला? म्हटलं, हा अंमलबजावणीचा तपशील आहे, तत्त्व महत्त्वाचं. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. असं ती भांडणाआधी करते असं दिसतं.

पहाटे पाचचा संकल्प सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरुवात करू नये.

गुरुवार, १३ मार्च

किरकोळ कटकटी. वर्ग जरा मलूल वाटला. दोघांचं डोकं दुखत होतं. एक मुलगी काही कारण नसताना रडली. उकाडाच तसा आहे. मलाही चिडचिड होते, वाटेत दोनदा लस्सी-बिस्सी काही मिळतंय का बघितलं, शेवटी थंडगार पाण्याची मोठी बाटली घेऊन एका दमात रिकामी केली. मी स्पर्धेत नाही.

टिल्लीचे ओठ फुटलेत. ताईने क्रीम लावलं. ताई म्हणाली, ही दूधही नको म्हणतेय, तुझ्याकडे नीट खाते-पिते ना? म्हटलं, दुपारी डबा चाटूनपुसून संपवते. हे खरंच आहे. डब्याबद्दल मी काही खोटं बोललेलो नाही.

शुक्रवार, १४ मार्च

चष्मेवालीने साथ सोडली.

मधल्या सुट्टीत भांडण झालं. ती म्हणाली, पोरं नळाकडे नुसती बघत उभी राहतात, हात लावत नाहीत, माझ्या अंगावर काटा आला, बंद कर हे. म्हटलं, ग्राफ बघ. ती म्हणाली, ग्राफ घाल चुलीत. मग म्हणाली, मी बाईंना सांगते. म्हटलं, खुशाल सांग. पण बाई आजपासून आठवडाभर ट्रेनिंगला गेल्यात आणि त्यांच्या जागी वर्गावर कोण? मी! मुख्याध्यापकांनीच विचारलं, तुम्ही नाहीतरी असताच, बघाल का? चष्मेवाली मुख्याध्यापकांकडेही गेली. ते म्हणाले, बाई आल्या की बोलू. ती दुसरीच्या वर्गावर निघून गेली. तिथे बादली आणि मग घेऊन बसलीय. बसू दे.

जरा वाईट वाटलं. तिचे प्रश्न सोपे असतात, पण उत्तर लगेच सापडत नाही. नाहीतर माणूस बरा आहे.

सोमवार, १७ मार्च

आजचा दिवस माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखा.

परीक्षा घेतली. न सांगता. कडक उन्हाची वेळ, पी.टी.चा तास नुकताच संपलेला, पोरं लालबुंद होऊन वर्गात आलेली. मी काचेचा जग घेऊन आत गेलो, त्यात बर्फ. जग खुळखुळवला. गोड आवाजात म्हटलं, दमलात ना, या, प्या. सात-आठ जण धावले. त्यांचे स्टार कापले. ती रडायला लागली, त्यावर समजावलं की हरणं हाही अनुभव असतो. बाकीची बसून राहिली. आणि टिल्ली! टिल्लीने डोळेच मिटून घेतले होते. ओठ मिटलेले, मनात दहा चालू. मी तिच्या नाकासमोर ग्लास धरला. तिने मान वळवली.

वर्गाला म्हटलं, बघा, याला म्हणतात जलवीर! लक्षात ठेवा, मोठी माणसं तुमची अशीच परीक्षा घेणार. आई म्हणेल पी. बाई म्हणतील पी. मी स्वतः गोड बोलेन, रागावेन, रडेनसुद्धा, पण डगमगायचं नाही. मामाची परीक्षा सगळ्यात अवघड असते!

टाळ्या. टिल्लीला डबल स्टार. अशी भाची मिळायला भाग्य लागतं.

मंगळवार, १८ मार्च

सरांना ग्राफ दाखवला. सर चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, हे इतकं वाढलं कसं? म्हटलं, मोटिव्हेशन. म्हणाले, शनिवारी जलदिनाच्या कार्यक्रमाला शाळेत येतो, मुलांशीच बोलू. म्हणजे पास! सर यापूर्वी कोणाच्याच प्रोजेक्टला गेलेले नाहीत.

बाबांना फोन केला. म्हटलं, यंदा बघाच. बाबा म्हणाले, बघतो. आईने मागून विचारलं, टिल्ली बरी आहे ना? सगळ्यांना टिल्लीच आठवते.

बुधवार, १९ मार्च

एक लहानशी गोष्ट. लिहू की नको?

दुपारी टिल्ली बाथरूममधून बराच वेळ बाहेर आली नाही. दार लोटलं तर कमोडवर बसून मुसमुसत होती. म्हणाली, मामा, शूच्या जागी आग होते. मी ओशाळलो. या गोष्टी मामाच्या नसतात. म्हटलं, साबण लागला असेल. थांब, आई आली की तिला सांगतो. त्यावर तिने माझा शर्टच धरला. आईला नको सांगू, ती मला खूप पाणी प्यायला लावेल, आपण हरू. म्हटलं, बरं, नाही सांगत.

आपण हरू, म्हणाली.

ताई आली, बेकरीचे पाव ठेवले, पाय वर करून बसली. सांगायचं होतं. ती इतकी दमली होती. शिवाय मी टिल्लीला शब्द दिला होता आणि मुलांना दिलेला शब्द मोडला की त्यांचा विश्वास उडतो, हे बालमानसशास्त्र आहे. शनिवारपर्यंतच तर प्रश्न आहे. मग सोमवारपासून तिला वाट्टेल तेवढं पाणी पाजू.

झोपण्याआधी टिल्लीला म्हटलं, थोडं पी ग, कोणी बघत नाही. ती हसली. म्हणाली, मी नाही फसणार.

कौतुक वाटलं. मग कसंतरीच वाटलं. बहुधा ॲसिडिटी.

शुक्रवार, २१ मार्च

काल लिहिलं नाही. रंगीत तालीम होती, वेळ मिळाला नाही. वेळ मिळाला, पण वही उघडावीशी वाटली नाही.

टिल्ली मुख्य जलवीर. निळा झगा, पुठ्ठ्याचा मुकुट, भाषण मी लिहिलेलं. दोनदा मध्येच थांबली आणि भिंतीला टेकली. म्हटलं, घाबरू नको, मामा समोर आहे. म्हणाली, घाबरत नाहीये, पाठ दुखते. सहा वर्षांच्या पोरीची कसली पाठ दुखते?

डबा तसाच परत आला. जीभ कोरडी पडल्यावर पाव गिळत नसेल. हे मला आत्ता लिहिताना सुचलं. उद्या कार्यक्रम झाला की पहिली गोष्ट ताईला सगळं सांगायचं. नक्की. सकाळी नाही, तिने मुद्दाम सुट्टी घेतलीय, तिचा मूड जाईल. कार्यक्रम झाल्यावर.

शनिवार, २२ मार्च, सकाळ

टिल्लीचं अंग थोडं गरम. एक्साइटमेंट. ताई म्हणाली, घरीच ठेवू का? टिल्लीच म्हणाली, नाही नाही, मामा नापास होईल. ताईने माझ्याकडे बघितलं. मी मुकुटाचं इलॅस्टिक शोधत होतो.

शनिवार, संध्याकाळ

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर मलाच लागणार नाही. कोणाला लावायचंय?

हॉल भरलेला होता. पालक, मुख्याध्यापक, ट्रेनिंगहून परतलेल्या बाई, पहिल्या रांगेत सर, दुसऱ्या रांगेत ताई. टिल्ली पुढे आली. सगळं पाठ होतं तिचं. मी जलवीर. माझी बाटली रोज शाळा सुटेपर्यंत भरलेलीच असते. आई म्हणते पी, मी पीत नाही. बाई म्हणतात पी, मी पीत नाही. तहान लागली की मी ओठ मिटते आणि दहा म्हणते. मागच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. सर हसत नव्हते. बाई उभ्या राहिल्या. आणि ताईचा आवाज आला, माझ्या नावाने, लहानपणी मी तिची बाहुली फोडली होती तेव्हा आला होता तसा. काय म्हणाली ही? काय शिकवलंस तू माझ्या पोरीला?

मी उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात टिल्लीने ओठ मिटले. मला वाटलं, दहा म्हणतेय. ती खाली बसली, मग आडवी झाली, मग तिला उलटी झाली. उलटीत काहीच नव्हतं. मुकुट घरंगळत माझ्या पायाशी आला.

रिक्षात ताईने तिला मांडीवर घेतलं. मी पुढे बसलो. कोणी मला चढ म्हणालं नव्हतं, उतरही म्हणालं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीचं इन्फेक्शन आहे, किडनीपर्यंत चढलंय, अंगातलं पाणी पार आटलंय. किती दिवस झाले हिला त्रास होऊन? ताई म्हणाली, मला काहीच माहीत नाही हो. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, बुधवारी म्हणाली होती. साबण वाटला. ताईने तोंड फिरवलं आणि टिल्लीच्या पायांवरची चादर सारखी केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुई सापडेना. शिरा दबल्या होत्या. चौथ्यांदा टोचल्यावर लागली. टिल्ली रडली, पण डोळ्यांतून थेंब आला नाही. मी बघितलं. नीट बघितलं. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि माझ्या डोळ्यांतून मात्र धो धो.

चष्मेवालीचा फोन येऊन गेला. उचलला नाही. तिने मेसेज ठेवलाय. वर्गातल्या सगळ्या पोरांना बाईंनी आणि तिने तिथेच बसवून पाणी पाजलं, बाकीची ठीक आहेत. टिल्ली कशीय एवढंच कळव. सांगितलं होतं ना, असं एका शब्दाने लिहिलेलं नाही.

रविवार, २३ मार्च, दुपार

ताप उतरलाय. धोका टळला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फक्त आता तोंडावाटे पाणी पोटात जायला हवं. सलाईनवर किती दिवस ठेवणार? पाणी प्यायली, लघवीला झाली, की मोकळी. नाहीतर हाताची सुई काढून दुसऱ्या हाताला लावावी लागेल.

टिल्ली पाणी पीत नाही.

सकाळपासून ताई चमच्याने पाजून बघतेय. नर्सने पाजून बघितलं. बाहुली दाखवली, गोष्ट सांगितली, रागावून झालं. ओठ घट्ट. शेवटी ताई बाहेर आली. कालपासून माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. तुझंच ऐकते ती. ये आत.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. अशा वेळीसुद्धा मला बरं वाटलं! ताईच्या मागून जाता जाता मी मनात तीन मुद्दे काढले. थोडक्यात, प्रेमाने, ठाम.

टिल्ली उशीला टेकून बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. म्हटलं, टिल्ले, स्पर्धा संपली. तू जिंकलीस. आता पाणी प्यायचं. तिने मान हलवली. म्हटलं, मामा सांगतोय, पी. ती हसली. ओठ न उघडता. म्हटलं, मामा चुकला ग. मामाने चुकीचं शिकवलं, पाणी प्यायचंच असतं, भरपूर प्यायचं असतं. ती नुसती बघत राहिली, त्या दिवशी पाय चार्टकडे बघत होती तशी. मी ग्लासातलं अर्धं पाणी पिऊन दाखवलं. मी तिचा हात धरला. मग मला रडू फुटलं, ताईसमोर, नर्ससमोर, हमसाहमशी. तिने सुई नसलेल्या हाताने माझे केस थोपटले आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, मामा, मला माहितीये, ही अवघड परीक्षा आहे. तू रडशील असं सांगितलं होतंस.

मग उशीला टेकली आणि डोळे मिटले. दहा.

जे बोलीन ते परीक्षेतच जमा होणार. मी तिला सगळं शिकवून ठेवलं होतं, एक दारही उघडं ठेवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही समोर आहात तोवर ती पिणार नाही. तुम्ही जा. म्हटलं, मी इथेच बाहेर थांबतो. दाराला काच आहे. मी काचेतून बघत राहिलो. ताईने ग्लास पुढे केला, टिल्लीने हात लावला, आणि तिला मी दिसलो. ग्लास खाली. पाठ ताठ. मला दाखवून ओठ मिटले.

ताईने नुसतं माझ्याकडे वळून बघितलं.

जिना उतरलो. खालच्या मजल्यावर थांबणार होतो, पण तिथली खिडकी तिच्या खोलीतून दिसते. आवाराबाहेर आलो. रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलो. इथून मी कोणालाच दिसत नाही.

सरांचा मेसेज आलाय, उद्या भेटा. बाबांचा मिस्ड कॉल आहे. दोन्हीचं काय होणार ते माहीत आहे आणि त्याचं आज काहीच वाटत नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

ताईचा मेसेज आला. प्यायली. एक ग्लास. आणखी मागतेय.

मी लिहिलं, वर येऊ?

उत्तर आलं, नको.

बसलोय.